एका पेन्सिल सेलवरचा हंस

प्रश्न : जत्रेत मिळायचा तो ‘९९९९ इन १’ लिहिलेला ठोकळ्यांचा गेम. त्यात खरंच ९,९९९ खेळ होते का?
— एक वाचक, सातारा

नाही हो. मूळ खेळ मोजकेच. त्यांचा वेग बदलला, पातळी बदलली की तो वेगळा खेळ धरायचा, असा तो हिशेब. पडदा आडवे १० आणि उभे २० ठोकळे एवढाच. तेवढ्यातच ठोकळे रचायचे, गाडी पळवायची, रणगाडा उडवायचा. ठोकळे रचायची मूळ कल्पना १९८४ सालची, मॉस्कोतल्या अलेक्सेई पाजितनोव यांची. तुमचा गेम अजून चालत असेल तर त्यातले सेल मात्र आजच काढून ठेवा, ते गळाले तर गेम खराब होतो.

प्रश्न : माझे मामा नोकरीनिमित्त ओसाकाला होते. २००१ साली परत येताना त्यांनी हातात धरून खेळायचा एक गेम आणला. त्यावर ‘वंडरस्वान’ असं नाव आहे. गेल्या वर्षी मामा गेले आणि तो माझ्याकडे आला. सेल घातला की आवाज येतो, पण काळ्यापांढऱ्या पडद्यावर मोठा तपकिरी डाग आहे. डावीकडे चार बटणं आणि त्याखाली पुन्हा चार, हे कशासाठी? याची माहिती इथे कुणालाच नाही. तो दुरुस्त होईल का?
— एक वाचक, नागपूर

इथे कुणाला माहिती नाही, कारण बांदाई कंपनीने तो जपानबाहेर रीतसर विकायला काढलाच नाही. ४ मार्च १९९९ रोजी तो बाजारात आला, किंमत ४,८०० येन. त्यामागे माणूस होता गुनपेई योकोई, आणि त्यांच्याबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

योकोई १९६५ साली क्योटोच्या निन्टेन्डो कंपनीत लागले ते पत्ते बनवणाऱ्या यंत्रांची देखभाल करायला. पुढे एकदा बुलेट ट्रेनमध्ये वेळ घालवायला कॅल्क्युलेटरची बटणं दाबत बसलेला माणूस त्यांनी पाहिला. त्यातून १९८० साली ‘गेम अँड वॉच’ हा खिशात मावणारा गेम आला, तोही कॅल्क्युलेटरच्याच पडद्यावर. त्यांचं म्हणणं असं, की जुनं, स्वस्त झालेलं, सगळे गुणदोष कळलेलं तंत्र घ्यावं आणि ते नव्या जागी वापरावं. १९८९ चा निन्टेन्डोचा ‘गेम बॉय’, तोही हातात धरून खेळायचा, काळापांढरा राहिला तो याच विचाराने. रंगीत पडद्याचे प्रतिस्पर्धी सेल खाऊन टाकत, हा मात्र चार सेलवर तासन् तास चाले.

१९९६ मध्ये निन्टेन्डो सोडून त्यांनी स्वतःची ‘कोतो’ ही छोटी कंपनी काढली आणि बांदाईसाठी वंडरस्वानवर काम सुरू केलं. चाराऐवजी एकच पेन्सिल सेल, आणि त्यावर सुमारे ३० तास खेळ! मला हे आजही थोर वाटतं. पण ४ ऑक्टोबर १९९७ रोजी रस्त्यावरच्या अपघातात योकोई गेले. वंडरस्वान दुकानात आलेला त्यांनी पाहिला नाही. त्याच्यासोबत आलेल्या एका खेळाला ‘गुनपे’ असं त्यांचंच नाव दिलं होतं. मोडक्या रेषा जोडून डावीकडून उजवीकडे सलग रेघ करायची, एवढंच त्यात.

आता तुमची बटणं. ‘गुनपे’ खेळताना यंत्र उभं धरायचं असतं. आडवं धरलं की बटणांचा एक चौकडा दिशा दाखवतो, उभं धरलं की दुसरा. म्हणून चार अधिक चार. २००० च्या डिसेंबरात रंगीत वंडरस्वान आला, पण लगेच २००१ मध्ये निन्टेन्डोचा ‘गेम बॉय अ‍ॅडव्हान्स’ उतरला. २००३ मध्ये बांदाईने हा विषय थांबवला.

डागाचं सांगते. पडद्याला नाक लावा. आंबूस, व्हिनेगरसारखा वास आला, तर आतली काच बहुधा चांगली आहे, तिच्यावर चिकटवलेली पोलरायझरची (एकाच दिशेचा प्रकाश जाऊ देणारी) फिल्म कुजली आहे. ती बदलता येते. हलकी ऊब देऊन एका कोपऱ्यातून सोलायची, राहिलेला डिंक आयसोप्रोपिल अल्कोहोलने हळूहळू भिजवून काढायचा, मग नवी फिल्म लावायची. चिकटवण्याआधी फिल्म नुसती वर धरून फिरवून पाहा, कारण ती आडवी लागली तर काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं दिसतं. डिंक पात्याने खरवडू नका. माझ्या हातून एका पडद्याला असाच ओरखडा गेला, तो पुसला जात नाही. हात बसलेला नसेल तर घड्याळाचं बारीक काम करणाऱ्याकडे द्या.

सेलच्या जागेत पांढरी पूड दिसली तर सेलचा प्रकार बघा. अल्कलाइन असेल तर इअरबडवर थोडं व्हिनेगर, साधा जस्ताचा असेल तर पाण्यात कालवलेला खाण्याचा सोडा. मग कोरडं पुसून घ्या.

पडदा नीट झाला की एक करा. ‘स्टार्ट’चं बटण दाबून धरून यंत्र चालू करा. मालकाची माहिती भरायचं पान उघडेल : नाव, जन्मतारीख, रक्तगटसुद्धा. ही माहिती ज्या चिपमध्ये राहते तिला सेल लागत नाही, यंत्र वर्षानुवर्षं बंद असलं तरी ती पुसली जात नाही. मामांनी ओसाकात कधी ते पान भरलं असेल, तर त्यांचं नाव इंग्रजी मोठ्या अक्षरांत तिथे असेल. म्हणून तिथे घाईने कुठलंही बटण दाबू नका. आधी फोनवर फोटो काढून घ्या.