मराबू, मुराबित आणि आपला राबता

प्रश्न असा आहे: शार्ल द फुको या फ्रेंच पाद्र्याला (लंबकवाला फुको वेगळा, तत्त्वज्ञ फुको आणखी वेगळा) सहारातले लोक ‘मराबू’ म्हणत. पण मराबू म्हणजे आफ्रिकेतला टकला करकोचा ना? आणि मराठी भाषांतरात ‘फकीर’ म्हटलं तर चालेल का?

करकोच्याला हे नाव माणसावरून पडलं, उलट नाही. मूळ अरबी शब्द ‘मुराबित’, म्हणजे ‘रिबात’मध्ये राहणारा. रिबात ही सरहद्दीवरची गढी. तिथे नमाजही चाले आणि पहाराही. मोरोक्कोच्या रबात शहराचं नाव यावरूनच आलं. पुढे लढाई मागे पडली आणि मुराबित म्हणजे साधुपुरुष झाला. फ्रेंचांनी त्याचं ‘मराबू’ केलं आणि त्याच्या घुमटीलाही तेच नाव दिलं. आपण नाही का, ‘पिराला नवस बोलतो’ म्हणताना माणूस आणि कबर वेगळी काढत नाही?

याच र-ब-त धातूतून, फारसीमार्गे, आपल्याकडे ‘राबता’ आला. मुळात संबंध, मराठीत येजा, वहिवाट.

आणि फुकोकडे राबता दांडगा होता! १९०१ मध्ये तो अल्जीरियातल्या बेनी अब्बेसला आला तो एकांतासाठी. पण पहाटेपासून रात्रीपर्यंत गुलाम, आजारी, सैनिक, वाटसरू यांची रीघ लागायची, असं त्याच्याच पत्रांत आहे. फ्रेंच अधिकारी गुलामगिरीकडे काणाडोळा करतात म्हणून तो चिडायचा. आपण ‘मुके कुत्रे’ होऊन चालणार नाही, असं त्याने लिहिलं. १९०५ पासून तो तामानरासेत या गावी तुआरेगांमध्ये, म्हणजे सहारातल्या भटक्या लोकांमध्ये राहिला. १९०८ च्या दुष्काळात तो मरणाला टेकला, तेव्हा त्यांनीच कुठून कुठून शेळीचं दूध गोळा करून त्याला जगवलं. त्याने त्यांच्या कविता उतरवल्या आणि चार खंडांचा तुआरेग-फ्रेंच कोश रचला. तो छापला गेला १९५१-५२ मध्ये, त्याच्याच हस्ताक्षरात. शब्दवेड्यांनी या माणसाला नमस्कार करावा तो इथे.

पण ‘फकीर’ मला पटत नाही. तो शब्द त्याला फार सहज सोडून देतो. फुको पूर्वाश्रमीचा घोडदळातला अधिकारी. १८८३-८४ मध्ये ज्यू रब्बीच्या वेषात त्याने मोरोक्को पालथा घातला, तो देश परक्यांना बंद असताना. सहारातला सेनाधिकारी लापेरीन त्याचा जिवलग मित्र, आणि तुआरेगांच्या हालचाली फुको त्याला पत्रांतून कळवत असे. हे लोक ख्रिस्ती झाल्याखेरीज फ्रेंच होणार नाहीत, आणि फ्रेंच झाले नाहीत तर आपल्याला हाकलतील, असं त्याने १९१६ मध्ये लिहून ठेवलं. त्याच वर्षी तो मातीच्या गढीत राहायला गेला. गावकऱ्यांच्या आसऱ्यासाठी बांधलेल्या त्या गढीत फ्रेंच सैन्याच्या बंदुकाही होत्या. १ डिसेंबरला सनुसी पक्षाच्या (फ्रेंचांशी लढणारा मुस्लिम पंथ) टोळीने त्याला गढीच्या दारातच धरलं आणि त्याच्यावर पहारा ठेवणाऱ्या पोराने गोळी घातली.

रोमने २०२२ मध्ये त्याला संत केलं. वसाहतवादाचे टीकाकार त्याला साम्राज्याचा हेर म्हणतात. दोघांकडेही कागद आहेत. सरहद्दीवर गढी बांधून प्रार्थना करणारा तो मुराबितच, अगदी जुन्या अर्थाने; फक्त सरहद्द दुसऱ्यांच्या घरातून गेलेली.

तेव्हा भाषांतरात ‘मराबू’ असंच ठेवा, पहिल्यांदा येईल तिथे कंसात ‘साधुपुरुष’ लिहा. तुआरेगांच्या तोंडच्या वाक्यात ‘पीर’ही शोभेल. ‘धर्मप्रसारक’ मात्र जपून वापरा. धर्मांतरं त्याच्या हातून जवळपास झालीच नाहीत.