केमिस्ट म्हणतो, हे तर जंताचं औषध!

प्रश्न: माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. मागच्या वर्षी सकाळी उठला की डोळे सुजायचे, आम्ही अ‍ॅलर्जी समजून थेंब घालत बसलो, मग पोट न पाय पण सुजले तेव्हा लघवी तपासली तर प्रोटीन ४+, नेफ्रोटिक सिंड्रोम, म्हणजे किडनीतून प्रोटीन गळायचा आजार निघाला. स्टिरॉइडने बरं होतं पण सर्दी झाली की परत. वर्षभरात हा चौथा रिलॅप्स. गाल फुगलेत, भूक एवढी की रात्री उठून पोळी मागतो. आता डॉक्टरांनी लेव्हामिसोल लिहून दिलंय आणि केमिस्ट म्हणतो हे तर जंताचं औषध! सासूबाई म्हणतात सगळं बंद कर, काढा दे. काय करू?
– एक आई, बार्शी

उत्तर: ताई, केमिस्ट खोटं बोलला नाही, ते मूळचं जंताचंच औषध. पण वारंवार रिलॅप्स होणाऱ्या मुलांना ते दिवसाआड वर्ष-दोन वर्षं देतात, त्याने रिलॅप्स कमी होतात आणि स्टिरॉइडचा डोस खाली आणता येतो, गाल न भूक त्या स्टिरॉइडचीच. फक्त पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात म्हणून दोन-तीन महिन्यांनी रक्त तपासायचं, ते चुकवू नका. याने नाही जमलं तर मायकोफेनोलेट, सायक्लोफॉस्फामाइड, टॅक्रोलिमस, पुढे रिटुक्सिमॅब, म्हणजे रस्ते संपलेले नाहीत. आणि स्टिरॉइड लागू पडतंय ही तर तुमची जमेची बाजू, बहुतेक मुलांची किडनी अशा वेळी चांगली राहते.

पण स्टिरॉइड एकदम बंद करायचं नाही म्हणजे नाही! शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवायचं विसरलेलं असतं, पोर गळून पडेल. काढ्यात काय आहे कोणाला माहीत, आणि काही भस्मांत पारा असतो, तो किडनीवरच जातो. सासूबाईंना पापड-लोणचं-फरसाण घरात लपवायचं काम द्या, सूज असताना मीठ कमीच हवं.

तुमचं काम सकाळच्या पहिल्या लघवीचं. पट्टी बुडवायची, पिवळी राहिली तर ठीक, हिरवी होत गेली तर प्रोटीन. पट्टी महाग वाटली तर टेस्ट ट्यूबमध्ये लघवी तापवायची पण जुनी पद्धत आहे, प्रोटीन असेल तर दुधासारखी फाटते. रोज तारखेसकट वहीत लिहा, तीन दिवस सलग ३+ (पट्टी गडद हिरवी) आलं की सूज यायची वाट न बघता डॉक्टरांना फोन. ताप आणि पोटात दुखणं एकत्र आलं तर मात्र त्याच दिवशी हॉस्पिटल, पोटात इन्फेक्शन असू शकतं. शेजारी कोणाला कांजिण्या झाल्या तरी लगेच कळवा, आणि कुठलीही लस डॉक्टरांना विचारूनच.