जिना चढताना होणारी जळजळ आणि बंद केलेली बीपीची गोळी

तुम्ही लिहिलंय की आईंचं बीपी १५०/९५च्या आसपास असतं, बरं वाटतं म्हणून त्यांनी गोळी सोडली आणि जिना चढताना छातीत जळजळतं ते 'पित्त' आहे असं त्या म्हणतात. मला बीपीपेक्षा त्या जळजळीची जास्त काळजी वाटते.

पित्ताचा त्रास बहुतेक वेळा खाण्याशी, जेवून आडवं होण्याशी जोडलेला असतो. चढ चढताना सुरू होऊन थांबल्यावर काही मिनिटांत ओसरणारी जळजळ हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याची खूण असू शकते. बायकांमध्ये आणि मधुमेहींमध्ये तर कधीकधी छातीत कळ न येता नुसता जबडा, पाठ किंवा खांदा दुखतो, दम लागतो, गळून गेल्यासारखं होतं. म्हणून एक-दोन दिवसांतच डॉक्टरांना दाखवा. झोपवून काढलेला ईसीजी नॉर्मल आला तरी तिथे थांबू नका. "त्रास फक्त चढताना होतो" हे आवर्जून सांगा आणि पुढच्या तपासण्यांचं विचारा.

हाच त्रास बसल्या जागी झाला, थांबेना, दरदरून घाम फुटला, श्वास लागला, तर सकाळची वाट न बघता १०८ला फोन. स्कूटरवर मागे बसवून नेऊ नका. शेजाऱ्यांकडची सॉर्बिट्रेट (रक्तवाहिन्या सैल करणारी हृदयाची गोळी) जिभेखाली ठेवायची घाईही नको, बीपी आधीच उतरलेलं असेल तर ते आणखी कोसळतं.

आता गोळी. वाढलेलं बीपी बहुतेकांना जाणवतच नाही, त्यामुळे 'बरं वाटतंय' याला काही अर्थ नाही. नेमकी कोणती गोळी होती ते बघा. अटेनोलॉल, मेटोप्रोलॉलसारखी गोळी एकदम बंद करणं हृदयाच्या रुग्णाला धोक्याचं असतं, त्यामुळे हे डॉक्टरांना आजच फोनवर सांगा. ॲम्लोडिपिनने पाय सुजले किंवा रामिप्रिलने कोरडा खोकला लागला म्हणून सोडली असेल, तर बदलून मिळते. लाजायचं काही नाही.

घरी मोजताना पाच मिनिटं शांत बसवा, पाठ टेकलेली, दंड छातीच्या उंचीवर, चहा किंवा मिश्री अर्धा तास आधी नाही. दोनदा मोजा. घरी सरासरी १३५/८५ किंवा वर राहिली तर ते वाढलेलंच. लोणचं, पापड, फरसाण कमी; सैंधवातही सोडियम असतंच. गुडघ्यांसाठी डायक्लोफेनॅक घेत असतील तर तेही सांगा, त्यानेही बीपी चढतं.

डॉक्टरांकडे जाताना मोजमापाची वही आणि घरातल्या झाडून सगळ्या गोळ्या, पित्ताच्यासुद्धा, एका पिशवीत घालून न्या.