जादूच्या प्रयोगात प्रेक्षकांतून स्टेजवर बोलावलेली माणसं आधीच ठरलेली असतात का?

माझ्यापुरतं सांगतो. मी ठरलेला नव्हतो, पण स्टेजवर गेल्यावर दोन मिनिटांत सामील झालो.

मे महिन्याच्या सुट्टीत भाचीला घेऊन पुण्यात बालगंधर्वला गेलो होतो. तिसरी रांग, कडेची खुर्ची. (वर जायचं नसेल तर कडेला बसू नका, तिथला माणूस पटकन उठवता येतो.) जादूगारांनी आम्हा दोघांना बोलावलं. मला ग्लासभर पाणी प्यायला लावलं, कोपराखाली पत्र्याचं नरसाळं धरलं आणि भाचीला म्हणाले, मामाचा दुसरा हात हापशासारखा हलव. तिने हलवला आणि माझ्या कोपरातून धार लागली! पोरं नुसती खिदळत होती.

खालून न दिसलेली गोष्ट अशी, की धार सुटायच्या जरा आधी नरसाळ्यावरचा त्यांचा अंगठा सरकल्याचं मला जाणवलं. मी चमकून पाहिलं. माईक बाजूला घेऊन ते हळूच म्हणाले, "साहेब, हसत राहा." मी हसत राहिलो. हजार माणसांसमोर कोण तोंड उघडणार?

नरसाळं दुहेरी पत्र्याचं असतं. मधल्या पोकळीत आधीच पाणी भरलेलं, वर एक बारीक भोक. भोक दाबलं की हवेच्या दाबाने पाणी अडून राहतं, स्ट्रॉचं वरचं टोक बोटाने बंद केल्यावर राहतं तसं. वस्तू जुनी, जादूच्या दुकानात सहज मिळणारी, म्हणून सांगतोय. प्रसिद्ध जादूगार पी. सी. सरकार प्रयोगभर पुन्हापुन्हा रिकामा करायचे तो 'वॉटर ऑफ इंडिया'चा लोटाही याच दाबावर चालतो.

करवतीने कापण्यासारख्या प्रयोगात मात्र आडवी होणारी मुलगी बहुतेक वेळा त्यांच्याच संचातली असते. १९५६ साली सरकारांनी बीबीसीवर कापली तीही त्यांची सहाय्यकच होती. कार्यक्रम तिथेच आटोपला आणि मुलगी मेली की काय म्हणून लोकांनी घाबरून फोन केले. प्रेक्षकांतल्या माणसाला नरसाळं, पत्ते, दोरी इतपतच. त्याला आधी काही शिकवावं लागत नाही, भीड पुरते.

परतताना रिक्षात भाचीने माझं कोपर उलटंसुलटं करून पाहिलं. "मामा, दुखलं का रे?"

"थोडंसं," मी म्हणालो.