वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं : घारीपासून पिल्लं कशी राखायची?

प्रश्न : खुडूक (अंडी उबवायला बसलेल्या) कोंबडीखाली ११ पिल्लं निघाली. आठवड्याभरात ६ घारीने नेली. कोंबडी अंगावर धावून जाते, पण तोवर घार वर गेलेली असते. मागीलदारी माड आणि आंब्याची झाडं आहेत. काय करावं? (एक वाचक, गुहागर)

सगळ्यात आधी बघा, घरातली मासळी कुठे साफ होते. मागच्या दाराच्या पायरीवर बसून बांगडे साफ केले आणि डोकी-आतडी तिथेच माडाच्या आळ्यात टाकली, की घारीला रोजचं ताट वाढल्यासारखं होतं. घार मुळात उष्ट्या-खरकट्यावर आणि मेलेल्यावर जगणारी. ती घाणीसाठी येते, घिरट्या घालता घालता तिला पिल्लं दिसतात, आणि एकदा पिल्लू मिळालं की तीच जोडी रोज त्याच वेळेला येऊ लागते. म्हणून मासळीची घाण, कोंबडीची आतडी, मेलेलं पिल्लू हे सगळं दीड-दोन फूट खोल पुरायचं. हे केल्याशिवाय जाळीवर पैसे घालू नका. किनाऱ्याला तांबडी, पांढऱ्या डोक्याची ब्राह्मणी घारही असते. तिलाही हेच लागू.

दुसरं, पिल्लांना डोक्यावर छप्पर हवं. घारीचं स्वतःचं वजन पाऊण किलोच्या आसपास. अर्ध्या किलोची तलंग (वाढीची तरुण कोंबडी) तिला उचलून नेता येत नाही, त्यामुळे धोका असतो तो लहानपणाचा. गावठी पिल्लाला तेवढं वजन भरायला अडीच-तीन महिने लागतात, आणि तेवढे दिवस सांभाळायचे आहेत.

एक कोंबडी आणि १०-१२ पिल्लांसाठी १२ फूट बाय १० फुटांचा वाडा पुरतो. साहित्य असं : ९ फुटी बांबू ६ (चार कोपऱ्यांना, दोन १२ फुटी बाजूंच्या मध्यावर), १२ गेजची जीआय तार दीड किलो, १६ फूट बाय १४ फुटांची, एक इंच घराची जाड दोऱ्याची नायलॉन जाळी, आणि बाजूंना लावायला तीन फूट उंचीची अर्धा इंची लोखंडी जाळी ४६ फूट. बांबू दोन फूट गाडा, म्हणजे वर सात फूट राहतात आणि माणूस न वाकता आत झाडू शकतो. गाडायच्या टोकाला डांबर किंवा जळकं ऑइल लावा, नाहीतर दुसऱ्या पावसाळ्यात वाळवी बांबू आडवा करते. बांबूंच्या माथ्यावरून चौफेर तार फिरवा, मग आडव्या तीन तारा टाका. या आडव्या तारा टाळल्या की जाळी मधोमध लोंबते आणि लोंबलेल्या जाळीवर कावळे बसून चोच मारतात. कोपऱ्याच्या प्रत्येक बांबूला बाहेरच्या बाजूला खुंटी ठोकून ताण द्या, कारण जाळी ओढली की बांबू आत कलतात. जाळी तारेला दर वीतभर अंतरावर बांधायची. चारी बाजूंना जास्तीची दोन-दोन फूट जाळी खाली सोडायची. तिच्या आणि लोखंडी जाळीच्या मधली दोन फुटांची फट शेडनेटच्या पट्टीने शिवून घ्यायची.

बाजू उघड्या ठेवून फक्त वर जाळी बांधणारे पुष्कळ. घार त्याने अडते, कारण तिला वरून सूर मारून, जमिनीवर न टेकता, पिल्लू पायात उचलायचं असतं. कावळा मात्र चालत आत येतो, आणि डोमकावळा तीन दिवसांचं पिल्लू सहज नेतो. बाजूच्या जाळीला दीड-दोन इंची घरं असतील तर दुसरी अडचण : नवी पिल्लं त्यातून बाहेर निघतात, आई आत राहते, आणि घाबरलेलं पिल्लू बाहेर चिवचिवत जाळीशी फेऱ्या मारतं. घारीला याहून सोपी शिकार नाही.

वाड्यात तांदळाचा भुस्सा दोन इंच पसरा आणि ओला झाला की लगेच बदला. आठ-दहा पिल्लं एकाच ओल्या जागेत राहिली की रक्ती हगवण लागते, आणि मग घारीपासून वाचलेली पिल्लं घरातच जातात. महिनाभराची झाली की संध्याकाळी कोणीतरी अंगणात असताना तासभर आईबरोबर मोकळी सोडा. चरायला, किडा वेचायला तीच शिकवते.

प्रश्न : जाळी परवडत नाही. कोंबड्या मोकळ्याच राहणार. अशा वेळी काय? (एक वाचक, लांजा)

मग आडोसा वाढवा. कोंबडीची मूळ सवय झुडपाखाली चरण्याची. आपण परसू झाडून लख्ख करतो आणि तिला लपायला पानही ठेवत नाही.

चार खुंट्या, त्यावर काटक्यांची चौकट, वर माडाची दोन चुडतं (झावळ्या), उंची जमिनीपासून दीड फूट : एवढा माच अर्ध्या तासात होतो. असे चार-पाच माच परसात पेरा, एकापासून दुसरा १० ते १२ फुटांवर. त्याहून दूर गेले तर पिल्लू पोचायच्या आत घार पोचते. उंची दीड फुटाच्या वर नेऊ नका, नाहीतर शिक्रा (कबुतराएवढा शिकारी पक्षी) खालून शिरतो. कायमचा आडोसा म्हणून अडुळसा, जास्वंद, लिंबू दाट लावा. करवंदाची जाळी असेल तर तोडू नका.

आणि कोंबडा ठेवा, आठ-दहा कोंबड्यांमागे एक. आकाशात घार दिसली की तो किंवा पिल्लांची आई घशातून एकच लांब ‘कुर्रऽऽ’ काढते. तो आवाज ऐकून पिल्लं एकतर आडोशाला पळतात, नाहीतर आहेत तिथे जमिनीला चिकटतात. मुंगूस किंवा मांजर आलं की आवाज निराळा, तुटक, ‘कक्-कक्-कक्-ककाक्’ असा वाढत जाणारा. हे दोन आवाज घरातल्यांनी ओळखायला शिकले, तर घरात बसूनही कळतं की वर बघायचं की कुंपणाकडे.

प्रश्न : आमचं घर डोंगराच्या कडेला आहे. दोन महिन्यांत चार मोठ्या कोंबड्या गेल्या. दिवसाढवळ्या. एकदा पिसांचा ढीग आणि छातीचं मांस खाल्लेली कोंबडी तिथेच पडलेली मिळाली. घार एवढी मोठी कोंबडी मारते का? (एक वाचक, पाटण)

नाही, हे घारीचं काम नव्हे. पिसं उपटून जागेवर खाणं आणि तेही जंगलाच्या कडेला, यावरून पहिला संशय मोरघारीवर जातो. ही आकाराने मोठी, डोक्यावर लांब तुरा, पाय पिसांनी झाकलेले. ती आकाशात घिरट्या घालत बसत नाही. कडेच्या झाडावर पानांआड थांबते आणि कोंबडी उघड्यावर आली की झेपावते, त्यामुळे कोंबड्यांनाही ओरडायला वेळ मिळत नाही. मोठी शिकार उचलता आली नाही तर तिथेच खाते.

खात्री करायला खुणा बघा. मुंगूस मान-डोकं चावतं आणि एका फेरीत दोन-तीन मारून टाकतं. रात्री कोंबडी गेली, किंवा नुसतं डोकं गायब, तर मोठ्या घुबडाकडे बघा. मग अडचण खुराड्याच्या दाराची आहे, आकाशाची नाही. अंधार पडायच्या आत दार लावायचं. साप पिसं न सांडता अंडी आणि पिल्लं गिळतो. कबुतराएवढा, राखी पाठीचा, छातीवर बारीक तांबूस पट्टे असलेला पक्षी कुंपणालगत खालून सुसाट आला तर तो शिक्रा. तो पिल्लांच्या पलीकडे जात नाही.

मोरघार जागा धरून शिकार करते, म्हणून तिची जागा मोडा. झाड तोडायचं नाही. खाणं-पाणी त्या कडेपासून काढून घराच्या भिंतीलगत, पडवीच्या पुढच्या पत्र्याखाली आणा. कोंबड्या जिथे खातात तिथेच दिवस काढतात. कोंबडी मेली की तिचा सांगाडा लगेच उचला, कारण उरलेलं खायला ती परत येते. त्यानंतर निदान दोन-तीन आठवडे कोंबड्या वाड्यात ठेवा. हे दिवस जड जातात, दाणा जास्त लागतो, पण रोजची शिकार बंद झाली तरच ती दुसरीकडे वळते. नंतरही डोंगराकडच्या बाजूला माच आणि झुडपं जास्त हवीत.

प्रश्न : सीडी टांगणं, लाल फडकी, पिल्लांना गुलाबी रंग लावणं, याचा फायदा होतो का? (एक वाचक, पालघर)

सीडी आणि चमकपट्टीचा होतो, थोडे दिवस. एकाच फांदीला टांगून ठेवली की पक्ष्याला कळतं की ती काही करत नाही. पिल्लं अगदी लहान असतात त्या पंधरवड्यात लावा, दर दोन दिवसांनी जागा बदला, मग काढून ठेवा. बुजगावण्याचंही तसंच : कपडे बदलले, जागा हलवली तरच.

रंगावर भरवसा ठेवू नका. शिकारी पक्ष्यांची नजर माणसापेक्षा तीक्ष्ण आणि रंग ओळखणारी असते, आणि गुलाबी पिल्लूही पिल्लासारखंच पळतं. शिवाय भिजलेलं पिल्लू गारठतं आणि आई कधी कधी रंगवलेल्याला टोचते.

प्रश्न : वनराजा या सुधारित जातीच्या कोंबडीची एक दिवसाची ५० पिल्लं आणणार आहे. मोकळी कधी सोडू? (एक वाचक, भोर)

सहा आठवडे आत. या पिल्लांना आई नाही, त्यामुळे ‘कुर्रऽऽ’ म्हणजे काय हे सांगणारं कोणी नाही. पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते. १०० वॉटचा एक साधा बल्ब ५० पिल्लांना धरा, आणि पिल्लं बल्बखाली गोळा होतात की लांब पळतात ते बघून उंची ठरवा. सहा आठवड्यांनी ती अर्धा किलोच्या वर जातात, म्हणजे घारीच्या पायातून सुटली. पण ही जात अंगाने जड, गावठीसारखी चपळ नाही. सोडताना दोन-चार मोठ्या गावठी कोंबड्यांबरोबर सोडा. त्या पळाल्या की ही पळतात.

प्रश्न : गेल्या वर्षी पारदर्शक नायलॉनची जाळी लावली. पावसात ती कोसळली, आणि तिच्यात एक घुबड अडकून मेलं. फार वाईट वाटलं. (एक वाचक, पेडणे)

बारीक पारदर्शक दोरा पक्ष्याला दिसतच नाही. जाड, पीळ दिलेल्या दोऱ्याची हिरवी किंवा काळी जाळी घ्या आणि ढोलासारखी ताणून बांधा. सैल जाळीतच पाय आणि पंख गुंततात, सापही त्यातच अडकतो. मासेमारीचं जुनं जाळं चालतं, पण जाड दोऱ्याचं आणि फाटकं नसलेलं. पावसात जाळी कोसळते ती पाण्याने नव्हे, पानांनी. आंब्या-फणसाची ओली पानं साचली की वजन वाढतं आणि पहिल्या वाऱ्यात तार तुटते. सावलीसाठी वर शेडनेट घातलं असेल तर ते जूनच्या आधी काढा आणि जाळीखाली मधोमध एक उंच टेकू देऊन उतार करा.

प्रश्न : घारीचं घरटं आमच्याच माडावर आहे. ते पाडलं तर? (एक वाचक, गुहागर)

पाडू नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या पक्ष्यांना मारणं, फासा लावणं, विष घालणं हा गुन्हा आहे, आणि घरटं मोडणं, अंडी काढणं हेही त्यातच मोडतं. शिक्षा कैदेची आहे. विष घातलेलं पिल्लू घारच खाईल असंही नाही. ते तुमचं मांजर किंवा शेजाऱ्याचा कुत्राही खातो.

घरटं रिकामं होईपर्यंत तिला पिल्लांना भरवायचं असतं, म्हणून हिवाळ्याच्या अखेरीपासून उन्हाळ्यापर्यंत तिच्या खेपा वाढतात. त्या महिन्यांत कोंबडी खुडूक बसली तरी अंडी ठेवू नका, किंवा ठेवलीत तर आधी वाडा उभा करा. अंडी ठेवल्यापासून पिल्लं निघायला २१ दिवस असतात. वाड्याला दोन दिवस पुरतात.

एखादा शिकारी पक्षी वाड्यात शिरून अडकलाच तर कोंबड्या बाहेर काढा, दार उघडं ठेवा आणि लांब व्हा. बहुतेक वेळा तो आपणच जातो. जाळीत गुंतला असेल तर जाड चादर टाकून डोकं झाका, पाय धरा (चोचीपेक्षा नख्या धोक्याच्या), आणि दोरा कापा, ओढू नका. जखमी असेल तर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवा, पाणी-मांस काही पाजू-भरवू नका, आणि महाराष्ट्र वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.