अप्पा गाडी सोडत नाहीत

प्रश्न : माझे वडील ७६ वर्षांचे, एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त. आई गेल्यापासून मी कऱ्हाडला त्यांच्याजवळ राहते. हल्ली त्यांनी स्कूटर एकदा फाटकाला आणि एकदा उभ्या रिक्षाला घासली. विषय काढला की, "मला गाडी शिकवतेस? हयात गेली माझी इंजिनं उघडण्यात!" पुण्याचा भाऊ फोनवर सांगतो, चावी लपव. कसं बोलू? – एक लेक, कऱ्हाड

उत्तर : भावाला म्हणावं, लपवायला तूच ये. लांबून सल्ला द्यायला काय जातं! चावी लपवू नका. अप्पा दुसरी करून आणतील, वर तुमच्याशी अबोला धरतील. आणि 'गाडी बिघडलीय' ही थाप तर मेकॅनिकपुढे चालायचीच नाही.

आधी डोळे तपासा. फाटक आणि रिक्षा एकाच बाजूने घासली का? तसं असेल तर नेत्रतज्ज्ञांना ते आवर्जून सांगा. मोतीबिंदू निघाला तर ऑपरेशननंतर बहुतेकांना चांगलं दिसू लागतं, कदाचित गाडी सोडायची वेळही येणार नाही. काचबिंदू मात्र लबाड. त्यात कडेची नजर नकळत जाते. समोरचा पेपर वाचता येतो म्हणून माणसाला वाटतं, डोळे ठणठणीत आहेत. गेलेली नजर परत येत नाही. तेव्हा तपासणीआधीच 'गाडी कायमची सोडा' म्हणू नका. तोवर आठवडाभर गाडी दारात राहू द्या, एवढंच मागा.

बोलायचं सकाळी, चहा झाल्यावर. पाहुण्यांसमोर तर मुळीच नाही. "अप्पा, तुम्हाला आता जमत नाही" असं म्हटलंत की संपलंच. त्यापेक्षा, "अप्पा, ती रिक्षा घासायच्या आधी दिसली होती का हो तुम्हाला?" एवढं विचारून गप्प बसा. पहिल्यांदा चिडतील. चिडू देत. हा विषय एका बैठकीत मिटणारा नव्हे.

त्यांच्या परवान्याची तारीखही बघून ठेवा. पंचावन्नीनंतर परवाना पाच-पाच वर्षांसाठीच मिळतो, आणि नूतनीकरणाला नमुना १-अ वर डॉक्टरांची सही लागते. परवाना संपलेला असेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते. नोकरीभर नियमाने चाललेल्या माणसाला हे लेकीच्या काळजीपेक्षा लवकर पटतं. नकार द्यायचाच झाला तर तो डॉक्टरांच्या तोंडून येऊ दे.

गाडी सुटली तर पुढे काय, याची सोय मात्र आधी करा. बहुतेक घरांत हेच राहून जातं. अप्पा गाडीवरून कुठे कुठे जातात? मंडई, पेन्शनची बँक, गावाकडचं शेत, संध्याकाळचा कट्टा? शेतावर एसटीने जाता येईल. ७५ पूर्ण झालेल्यांना २०२२ पासून राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे, आणि आपल्याच महामंडळाच्या गाडीत बसायला अप्पांची ना नसावी. मंडई-बँकेसाठी ओळखीचा रिक्षावाला महिन्याच्या बोलीवर ठरवा. पैसे अप्पांच्याच हातून जाऊ देत. कट्ट्याचं अवघड आहे. तिथे स्वतःच्या गाडीवरून उतरण्यात एक रुबाब असतो, तो रिक्षात कुठून आणायचा? मित्रांनाच अधूनमधून घरी चहाला बोलवा.

आणि डोळ्यांच्या तपासणीला भावाला रजा काढून यायला सांगा. अप्पांना न्यायचं काम त्याचं. डॉक्टर काय म्हणतात ते त्याच्याही कानांवर पडू दे, म्हणजे फोनवरचे सल्ले जरा कमी होतील.