फॅलो असलेल्या मुलीचे दात काढायला भूल द्यावी का?

तुमची पुतणी साडेतीन वर्षांची, टेट्रालॉजी ऑफ फॅलो हा हृदयाचा जन्मजात दोष, हृदयाचं ऑपरेशन व्हायचंय. त्याआधी किडलेले चार दात काढून या असं हृदयाचे डॉक्टर म्हणतात, आणि तालुक्याच्या दवाखान्यात भूलतज्ज्ञांनी नकार दिला. ‘दातांना एवढे घाबरतात, मग हृदय कसं उघडणार?’ हा तुमचा प्रश्न.

मी भूलतज्ज्ञ आहे, आणि त्यांनी नाही म्हटलं ते बरं केलं. दात चिमुकले असतील, पण भूल अख्ख्या मुलीला द्यायची असते.

फॅलोमध्ये हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमध्ये छिद्र असतं आणि फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद असते. मूल रडलं, घाबरलं, दुखलं की ती वाट आणखी आवळते आणि अशुद्ध रक्त छिद्रातून थेट अंगभर जातं. भुलीच्या बऱ्याच औषधांनी अंगातल्या रक्तवाहिन्या सैलावतात, मग तर रक्ताला तिकडेच जाणं सोपं. मूल निळं पडतं. आम्ही त्याला ‘स्पेल’ म्हणतो. पुतणी खेळता खेळता मध्येच उकिडवी बसते का? बसत असेल तर ती नकळत स्वतःवर उपचार करतेय. पाय दुमडले की तिथल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, रक्त फुप्फुसाकडे वळतं. स्पेल आला तर टेबलावर आम्हीही तिचे गुडघे छातीशी नेतो, सोबत ऑक्सिजन, सलाईन आणि रक्तवाहिन्या आवळणारं औषध.

मला स्वतःला भुलीच्या औषधांपेक्षा तहानेची जास्त धास्ती वाटते. ऑक्सिजन कमी म्हणून या मुलांचं शरीर तांबड्या पेशी वाढवतं, रक्त दाट होतं; त्यात पाणी तुटलं तर गुठळीचा धोका. रात्री 12 पासून पाण्याचा थेंब नाही, ही जुनी रीत यांना घातक आहे. साधारणपणे जेवण 6 तास आधी बंद, पण साधं पाणी 2 तास आधीपर्यंत चालतं. यादीत पहिला नंबर मागून घ्या. उशीर होतोय असं दिसलं तर सलाईनचं विचारा, संकोच नको.

सलाईनच्या नळीतला बुडबुडासुद्धा इथे साधा नाही. एरवी तो फुप्फुसात अडतो, हिच्यात छिद्रातून मेंदूकडे जाऊ शकतो. असं हे सगळं रोज सांभाळणारी माणसं आणि लहान मुलांचा आयसीयू जिथे आहे, तिथेच दात काढा. म्हणजे बहुधा हृदयाचं ऑपरेशन होणार त्याच रुग्णालयात. पण टाळू नका. किडक्या दातांतले जंतू रक्तात शिरून हृदयाच्या आतल्या अस्तराला संसर्ग करू शकतात, म्हणून तर आधी तोंड साफ करायला सांगतात. त्यासाठीच दात काढण्याच्या 30 ते 60 मिनिटं आधी अँटिबायोटिकचा डोसही देतात.

स्पेल टाळण्यासाठी देतात ते प्रोप्रॅनोलॉल हे औषध चालू असेल तर त्या सकाळचा डोस परस्पर बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. आईच्या मांडीवरच गुंगीचं औषध देता येईल का, हेही विचारा. दाराशी हिसकावून नेलेलं, रडून लाल झालेलं मूल आम्हाला नको असतं.

जाताना ताजा इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि हिमोग्लोबिनचा रिपोर्ट न्या. गेल्या महिन्याभरात ती निळी पडली असेल तर ते पहिल्याच वाक्यात सांगा, कुणी विचारायची वाट पाहू नका.